जुने कन्सोल गेम, नवे कन्सोल गेम आणि दुसरा रिमोट

गोदाकाठ (धागाकर्ता)

आधी मत सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी "मुद्दा काय?" विचारायला नको. कन्सोलवरचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचे, जुने गेम नव्यांपेक्षा चांगले होते असं मी म्हणत नाही. चित्र, आवाज, गोष्ट, हाताळणी, कशातच जुने टिकत नाहीत. काँट्रा हा गोळ्या झाडत पळायचा गेम आज कोणी नव्याने बनवून चार हजारांना विकायला काढला तर सगळ्यात आधी मीच बोटं मोडीन. तरीही सोनीच्या पीएस५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर, संध्याकाळ घालवून उठलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते काय, याचं माझ्यापुरतं उत्तर एकच आहे: शेजारी बसून खेळणारा दुसरा माणूस.

नव्वदीत आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हणून जे खोकं मिळायचं ती बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायची. मूळ फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला. आमच्या घरी नक्कल पोचली तेव्हा तिकडे प्लेस्टेशन बाजारात आला होता, पण ते आम्हाला कुठे माहीत! खोक्यात दोन रिमोट, एक बंदूक, अ‍ॅडॉप्टर आणि '९९९९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट. त्या नव्याण्णव लाखांत खरे गेम मोजके. बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून, वेगळ्या नावाने पुन्हा पुन्हा.

त्यातला बॅटल सिटी घ्या, म्हणजे आपला 'टँक'. नामकोचा, १९८५ चा. एकूण ३५ लेव्हल, खाली मधोमध विटांच्या भिंतीत गरुड, आणि तो दोघांनी मिळून वाचवायचा. आता गंमत बघा. आपली गोळी भिडूच्या रणगाड्याला लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी अडकतो. आणि आपलीच गोळी गरुडाला लागली तर दोघांचाही खेळ खल्लास. म्हणजे गेम सहकाराचा, पण भांडणाची सोय आतच करून ठेवलेली. काँट्रातला धबधबा आठवा. वर उड्या मारत जायचं, आणि जो पुढे जाईल त्याच्यामुळे पडदा वर सरकणार. मागे राहिलेला भिडू शत्रूच्या गोळीने मरत नाही, पडद्याच्या खालच्या कडेने मरतो. "थांब की जरा!" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत घुमलं असेल.

नव्या गेममध्ये हे का नाही? दुसरा खेळाडू असतो, नाही असं नाही, पण तो इंटरनेटच्या पलीकडे असतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरच्या हेलो या गोळीबाराच्या गेमचं उदाहरण देतो. २००१ चा पहिला हेलो दोघांनी एकाच टीव्हीवर, पडदा अर्धा-अर्धा करून खेळता यायचा. २०१५ च्या हेलो ५ मध्ये ती सोय काढून टाकली. हेलो इन्फिनिटमध्ये मोहिमेसाठी ती देऊ असं सांगितलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते कामही बंद केलं. सोनीचे गाजलेले गॉड ऑफ वॉर, स्पायडरमॅन वगैरे एकट्याने पाहण्यासारखे आणि खेळण्यासारखेच आहेत. खेळताना घरातलं कोणी शेजारी बसलं तर ते प्रेक्षक.

तुमची मतं लिहा. जुन्यातलं काय टिकलंय, नव्यातलं काय खरंच चांगलं आहे. "आमच्या वेळी" हा सूर लागला तरी चालेल, पण त्यासोबत गेमचं नाव हवं.

वायफाय_वारकरी

काका, मी २००१ चा. मत स्पष्ट विरोधी आहे.

आमची शाळेतली टोळी आता पुणे, हैदराबाद, डब्लिन अशी फुटली आहे. रात्री जेवणं झाली की सगळे हेडसेट लावून एका गेममध्ये येतात. डब्लिनवाला तेव्हा ऑफिसातून सुटलेला असतो. निम्मा वेळ गेम, निम्मा वेळ कोणाचं लग्न ठरलं याची चौकशी. तुमचा 'शेजारी बसलेला' माणूस सुट्टी संपली की मामाच्या गावाहून परत जायचा ना? आमचा जात नाही.

आणि अर्ध्या पडद्याचं एवढं कौतुक नको. एक तर सगळं बारीक दिसतं, त्यात समोरचा तुमच्या अर्ध्यात डोकावून तुम्ही कुठे लपलात ते बघतो. याला आम्ही रडीचा डाव म्हणतो.

झिरमिळ्या

वाचतोय. अर्धा पडदा का गेला त्याबद्दल थोडं लिहितो.

टँक किंवा काँट्रात दोन्ही खेळाडू एकाच चित्रात असतात. यंत्राला एकदाच चित्र काढायचं असतं. दुसरा रणगाडा म्हणजे आणखी एक ठिपक्यांचा चौकोन. त्रिमितीत दोघं वेगवेगळ्या दिशांना बघत असतील तर तेच जग दोनदा काढावं लागतं. दोघं नकाशाच्या दोन टोकांना गेले तर दोन्ही ठिकाणचं सामान एकाच वेळी स्मृतीत हवं. नव्या गेममध्ये यंत्राची सगळी ताकद एकाच डोळ्यासाठी आधीच पिळून घेतलेली असते, दुसऱ्याला उरतच नाही.

बाल्डर्स गेट ३ हे याचं अगदी ताजं उदाहरण. २०२३ मध्ये पीएस५ वर अर्ध्या पडद्यासकट आला. एक्सबॉक्स सिरीज एस या स्वस्त यंत्राला ते झेपेना, म्हणून एक्सबॉक्सवर गेमच लांबला. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळून डिसेंबरात काढला, आणि तिथे अर्धा पडदा चालू व्हायला २०२५ उजाडलं. म्हणजे करता येतं, पण त्यासाठी कोणीतरी दीड वर्ष डोकं घालावं लागतं. बहुतेक कंपन्या म्हणतात, कशाला?

जुन्या यंत्राबद्दलही सांगून ठेवतो, कारण लोकांना पटत नाही. फॅमिकॉमचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची स्मृती २ किलोबाइट. सुपर मारिओ अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. मारिओतले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पुढच्या वेळी बघा, सांगितल्यावर दिसतंच. काँट्रात गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, ते टीव्ही खराब म्हणून नव्हे. एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची, नववं आलं की आळीपाळीने दाखवायचं. हे सगळं पाहिलं की मला जुन्या गेमचं कौतुक खेळ म्हणून कमी आणि काटकसर म्हणून जास्त वाटतं.

कोकम_सरबत

धाग्याचं नाव बघून आले आणि जुनं दुखणं उपटलं.

गोदाकाठ, तुमच्या हातात पहिला रिमोट होता वाटतं! आमच्या घरी तो दादाचा. दुसरा माझा. आणि आमचा लाडका गेम मारिओ. आता मारिओत दोघांनी एकत्र खेळायची सोयच नाही. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. दादाला पहिल्या जगातल्या दुसऱ्या लेव्हलमध्ये छतावरून चालत जाऊन पाइपांच्या त्या गुप्त खोलीत कसं पोचायचं ते माहीत होतं, पायऱ्यांवरच्या कासवावर उड्या मारून जीव कसे वाढवायचे तेही माहीत. तो मरायचाच नाही. मी लुइजी (मारिओचा भाऊ, म्हणजे दुसरा खेळाडू) हातात धरून 'प्रेक्षक' होते. तेव्हा हे प्रेक्षक प्रकरण पीएस५ ने आणलेलं नाही.

मूळ जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला तर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. त्याऐवजी एक मायक्रोफोन दिला होता. धाकट्यांनी खेळ सुरू करायचा नाही, फक्त ओरडायचं!

आता न्यू जर्सीत असते. २०२० मध्ये सगळं बंद असताना निन्टेन्डोचा स्विच घेतला. त्याच्या दोन बाजूंचे दोन तुकडे काढले की तेच दोन वेगळे रिमोट होतात, म्हणजे दुसरा रिमोट खोक्यातच आला, आणि यावेळी वाटणी मी केली. मुलीबरोबर मारिओ कार्ट ८ डिलक्स खेळते, टीव्हीवर चौघं बसतात. नवऱ्याबरोबर इट टेक्स टू पूर्ण केला (तो पीएसवर). हा २०२१ चा गेम एकट्याने खेळताच येत नाही, दुसरा माणूस सक्तीचा आहे. एकीच्या हातात हातोडा, दुसऱ्याच्या हातात खिळे. त्याने खिळा मारल्याशिवाय मला लटकता येत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. तुमची तक्रार मान्य, पण तुम्ही शोधताय चुकीच्या कपाटात.

गोदाकाठ

कोकमताई, पहिल्या रिमोटबद्दल नो कॉमेंट्स. धाकट्या भावाला हा धागा दाखवणार नाही.

इट टेक्स टूची नोंद घेतली. पण वर्षाला असे किती गेम येतात? तो बनवणाऱ्यांनीच मार्च २०२५ मध्ये स्प्लिट फिक्शन काढला. एका स्टुडिओचा अपवाद सोडला तर मोठ्या बजेटवाल्यांत कोण आहे?

टेकन_तात्या

राम राम मंडळी. तुम्ही घरातलं बोलताय, मी गेम पार्लरचं बोलतो. सोलापूर. वडिलांनी घरी गेम आणायला नकार दिलेला, म्हणून सगळं शिक्षण बाहेर.

चार टीव्ही, चार पीएस१, तासाला १० रुपये. गेम एकच: टेकन ३, दोघांच्या मारामारीचा. प्लेस्टेशनवर १९९८ ला आला. हरला त्याने उठायचं, जिंकला तो बसून राहणार. मागे रांग. त्यातला एडी हा खेळाडू घेऊन नुसती लाथांची बटणं बडवणाऱ्याला आमच्यात मान नव्हता, पण पैसे त्याचेच वाचायचे, हेही खरं. किंग या पैलवानाच्या साखळी पकडी एकाने वहीत लिहून आणल्या होत्या. वही शाळेची, मागच्या पानांवर मराठी व्याकरण.

मग पीएस२ आला. जगात १५ कोटींहून जास्त विकला गेलाय, त्यातले बरेचसे अशाच दुकानांत सिगारेटच्या धुरात गेले असावेत. स्मॅकडाउन हिअर कम्स द पेन, सॅन अँड्रियास, क्रिकेट ०७. रेसलिंगच्या त्या गेमची गंमत पुढच्या कुठल्याच रेसलिंग गेमला आली नाही हे माझं मत, वाद घालायचा तर समोर या. भारनियमन असायचं. वीज गेली की सॅन अँड्रियासवाला धाय मोकलून रडायचा, कारण सेव्ह करायचं राहिलेलं. टेकनवाल्याचं काही जायचं नाही. म्हणून आमचा गेम श्रेष्ठ.

वायफायभाऊ, ऑनलाइन खेळतो मी पण. टेकन ८ आहे, जानेवारी २०२४ ला आल्या आल्या घेतला. ऑनलाइन हरलो की समोरचा नुसतं एक नाव असतो. पार्लरात हरलो की तो मागे वळून हसायचा. त्या हसण्यासाठी पुढचे १० रुपये निघायचे.

मोडकी_कॅसेट

तात्या +१. आणि मुस्तफाला विसरलात?

झिरमिळ्या

मुस्तफा म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा. तो नाण्यांच्या मशिनवरचाच. घरच्या कन्सोलवर तो गेम कधी आलाच नाही. सेगा सीडीवर त्या नावाचा एक आला होता, पण तो गाडी चालवायचा वेगळाच गेम. त्यामुळे या धाग्याच्या नियमात बसत नाही. :)

मोडकी_कॅसेट

नियम गेला खड्ड्यात. मुस्तफाची पिवळी टोपी अमर रहे.

मंद_दिवा

मला लहानपणापासून डोळ्यांचा त्रास आहे, आता उजव्याने जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून या सगळ्या आठवणी मला अर्ध्याच आहेत. टँकमध्ये चमकणारा रणगाडा कुठला, काँट्रातली गोळी कुठून येते, हे कळेपर्यंत मी मेलेलो असायचो. भाऊ-बहिणी चांगले होते, पण दर वेळी कोण थांबणार?

२०२० चा द लास्ट ऑफ अस भाग २ मी पूर्ण केला. त्यात साठाहून जास्त सोयी आहेत. शत्रू एका रंगात, आपले दुसऱ्या रंगात, मागचं सगळं करडं करता येतं. समोर काय आहे ते आवाजाने कळतं, मेनू वाचून दाखवला जातो. अजिबात न दिसणाऱ्या लोकांनीही तो गेम पूर्ण केलाय. नंतर इतरांनीही हे उचललं.

गेमची गोष्ट मला फारशी आवडली नाही, उगाच ताणली आहे. पण कोणाला हाक न मारता मी शेवटपर्यंत गेलो. जुने चांगले की नवे, हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच संपतो.

गोदाकाठ

मंद_दिवा, हा मुद्दा माझ्या डोक्यात अजिबात नव्हता. यावर मी वाद घालणार नाही.

वायफाय_वारकरी

एक प्रश्न. "जुने गेम अवघड होते, आताची पोरं लाडावलेली" हे सगळीकडे वाचतो. मग सारखा मारून छळणारा २०२२ चा एल्डन रिंग काय आहे?

झिरमिळ्या

जुने अवघड होते याचं कारण ते छोटे होते. काँट्राच्या लेव्हल आठ, हात बसलेला माणूस अर्ध्या तासात संपवतो. गेम महिनाभर पुरायचा तर मरण स्वस्त ठेवावंच लागतं. शिवाय बरेचसे नाण्याच्या मशिनवरून आलेले, तिथे तुम्ही लवकर मरण्यात मालकाचा फायदा. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा तो बटणं दाबायचा प्रसिद्ध कोडसुद्धा अवघडपणातून आलाय. ग्रेडियस हा गेम घरच्या यंत्रावर आणणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तो तपासताना झेपत नव्हता, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी आपल्यापुरती सोय केली. काँट्रात तेच दाबून ३० जीव मिळायचे. आपल्या कॅसेटींत तर कुणीतरी आधीच कारागिरी करून ३० जीव मेनूतच दिलेले असत, कोड पाठ करायची गरजच नाही.

एल्डन रिंगमध्ये मेलात तर जवळच उठता, पुन्हा धावत जाता. काँट्रात मेलात, जीव आणि पुन्हा सुरू करायच्या मोजक्या संधी संपल्या, की पहिल्या जंगलापासून. अवघडपणा दोन्हीकडे आहे, पण एल्डन रिंग तुमचा वेळ फुकट घालवत नाही. माझं मत एल्डन रिंगला.

टेकन_तात्या

२०२२ पासून तो पहिला घोडेस्वार मला झाडाखाली मारतोय. वेळ फुकट घालवत नाही म्हणे.

खोका_टीव्ही

उशिरा आलो, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. डक हंटमध्येसुद्धा दुसरा रिमोट चालतो. एकच बदक उडतं त्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक हलवता येतं. म्हणजे एकाने बंदूक धरायची, दुसऱ्याने बदक व्हायचं. बंदुकीच्या नादात दुसरा रिमोट बऱ्याच घरी हातात घेतलाच जायचा नाही.

मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो, छंद म्हणून. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं की जुना गेम एलईडी टीव्हीला लावला, बंदूक का चालत नाही. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक सेन्सर आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. म्हणूनच दिव्याकडे बंदूक धरून फसवता येत नाही, दिवा मध्येच काळा होत नाही ना. जुन्या खोका टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटतं. नव्या टीव्हीत चित्रावर आधी प्रक्रिया होते, चौकोन उमटेपर्यंत गेमने "हुकला" ठरवून टाकलेलं असतं. तुमच्या नेमाचा दोष नाही.

दुसरं, कॅसेटमध्ये फुंकर मारणं. फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत घातली की पिना नीट टेकायच्या आणि गेम चालू व्हायचा, श्रेय मात्र फुंकरीला. तोंडातल्या ओलीने पिनांना गंज चढतो. रबर घासा, नाहीतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कॅसेटींना एवढंच लागतं.

अवांतर: आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा. मूळ गेम ६० साठी लिहिलेले. त्यामुळे पालवर चालणाऱ्या नकलेत तोच गेम थोडा हळू चालायचा. मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं अ‍ॅप) टाकून "मारिओ आता फास्ट का वाटतो" म्हणणाऱ्यांनो, तुमचं वय झालेलं नाही, हे त्याचं कारण.

गोदाकाठ

बदकाचं माहीत नव्हतं! आमच्याकडे बंदुकीवरून मारामाऱ्या झाल्या आणि भाऊ दुसरा रिमोट घेऊन रिकामा बसलेला असायचा. काय सांगू.

कॅसेट_जपून_ठेवा

सगळं गोड चाललंय, जरा कडू लिहितो.

जुन्या आणि नव्यातला खरा फरक मालकीचा आहे. माझ्याकडची पीएस२ ची डिस्क आजही लावली की चालते. द क्रू हा गाड्यांचा गेम लोकांनी २०१४ पासून पूर्ण पैसे मोजून घेतला. यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. एकट्याने खेळण्याचा भागसुद्धा. डिस्क आता चहाचा कप ठेवायला वापरा. त्यावरून युरोपात सह्यांची मोहीम सुरू झाली, दहा लाखांचा आकडा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. सोनीचा काँकॉर्ड हा ऑनलाइन गेम तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला गेला. पैसे परत केले, तेवढं चांगलं.

जुन्याचंही सगळं सुरक्षित आहे असं नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास केला. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेही रीतसर विकत मिळत नाहीत. म्हणजे जुने गेम जिवंत आहेत ते खोका_टीव्ही यांच्यासारख्यांमुळे आणि ज्याला कायद्यात चोरी म्हणतात त्यामुळे. आपल्या सगळ्यांचं बालपण त्याच नकली कॅसेटींवर गेलं हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोललो.

व्यवहाराचा सल्ला: डिस्कवाला कन्सोल घ्या. भारतात पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० होता. दहा हजार वाचले म्हणून मित्राने बिनडिस्कचा घेतला. मोठा गेम तेव्हा ४,९९९ चा होता. मी डिस्क खेळून झाली की विकतो, निम्मे तरी सुटतात. तो नुसता मेनू बघतो.

आणि गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाचं एक अगदी साधं उत्तर. त्या नकली खोक्यात दोन रिमोट असायचे. पीएस५ च्या खोक्यात एकच येतो. दुसरा घ्यायचा तर पाच-सहा हजार वेगळे. आधी रिमोट गेला, मग त्याच्यासाठी गेम कोण लिहिणार?

झिरमिळ्या

आधी गेम गेले की आधी रिमोट, यावर वेगळा धागा निघू शकतो. एक्सबॉक्सच्या पहिल्या खोक्यातही एकच होता, आणि हेलो तेव्हा दोघं खेळत होते.

सिंहगड_रोड

आपल्या मातीतल्या कन्सोल गेमबद्दल एकही ओळ नाही? पीएस२ च्या शेवटच्या काळात सोनीने इथे दोन-तीन गेम काढले होते. २००९ मध्ये हनुमान: बॉय वॉरियर आणि देसी अड्डा. देसी अड्डात कबड्डी, विटीदांडू, पतंग. कल्पना झकास, खेळायला मात्र कंटाळा. खरा विटीदांडू अंगणात फुकट होता. हनुमानबद्दल न बोललेलं बरं.

त्यानंतर एकदम २०२० चा राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी ते मागे हटले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकी सगळीकडे आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रं, भिंतींवर कथा सांगणारी भित्तिचित्रं. गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली आहे. तेवढ्यासाठी तरी खेळाच.

आता उणं: लढाई लवकर एकसुरी होते, उड्या मारताना अंतराचा अंदाज चुकतो आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. पुण्याचा म्हणून मी गुण वाढवणार नाही. पण जागतिक कन्सोलवर पहिल्यांदा देवळाची पायरी पाहून "हे मला ओळखीचं आहे" असं वाटलं, ते ना मारिओत वाटलं ना गॉड ऑफ वॉरमध्ये. (हो, दोघांनी खेळायची सोय नाही. माहीत आहे. गोदाकाठ, शांत व्हा.)

कोकम_सरबत

राजी लेकीने खेळला. "आई, हिला दुर्गेने त्रिशूळ दिला!" म्हणून ओरडत आली. पूर्ण नाही केला, पण दुर्गा कोण, महिषासुर कोण हे सगळं त्या दिवशी मला सांगावं लागलं. दिवाळीच्या कार्यक्रमांत दोन वर्षं जे झालं नव्हतं ते.

वायफाय_वारकरी

गोदाकाठ काका, एक सुचवू? ओव्हरकुक्ड घ्या. चौघांपर्यंत, सगळे एकाच पडद्यावर, अर्धा वगैरे नाही. एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने शिजवायचं, तिसऱ्याने भांडी. मोठ्या बजेटचा नाही म्हणूनच तुमच्या नजरेतून सुटला असणार. आम्ही दिवाळीत सगळे पुण्यात जमलो की हाच लावतो. गेल्या वेळी डब्लिनवाल्याने सूप जाळलं आणि किचनला आग लावली. अजून त्याला ऐकवतोय.

गोदाकाठ

म्हणजे ऑनलाइनवाले दिवाळीत शेजारी बसूनच खेळतात. साक्षीदार उलटला, नोंद घ्यावी. ओव्हरकुक्ड घेतो. रिमोटचे पाच हजार कोण देणार ते घरी ठरवावं लागेल.

टेकन_तात्या

नवराबायकोने ओव्हरकुक्ड जपून. आमच्याकडे त्यानंतर खऱ्या किचनमध्ये दोन दिवस शांतता होती.

आणि ज्यांना जुन्या-नव्याचा निकाल हवाय त्यांनी हे ऐका. टेकन ३ मध्ये खेळत गेलं की नवे खेळाडू आपोआप उघडायचे. एडी तर पहिल्यापासून फुकट हजर. टेकन ८ मध्ये पूर्ण पैसे भरले, गेम उघडला, एडी नाही. एप्रिल २०२४ ला आला, तोही वेगळे पैसे मोजून. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याला विकत घ्यायची वेळ आली.

घेतला का? घेतला. सोलापुरात कोणी असेल तर रविवारी दुपारी या, दोन्ही रिमोट चार्ज करून ठेवतो. एडी मी घेणार, पैसे भरलेत.